रात्री बघायला काहीतरी सांग

शुक्रवारी रात्री आठच्या सुमारास मला एक मेसेज हमखास येतो. पाठवणारा दर वेळी वेगळा, मजकूर मात्र तोच : 'भावा, रात्री बघायला काहीतरी सांग. फाटली पाहिजे.' कधी तो चाकणला चौघांत रूम घेऊन राहणाऱ्या कॉलेजच्या मित्राचा असतो. सेकंड शिफ्ट संपवून कंपनीची बस त्याला मध्यरात्रीनंतर नाक्यावर सोडते आणि मग त्याला झोप येत नाही. कधी ऑफिसमधल्या कुणाचा, कधी मामेभावाचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून हे खातं माझ्याकडे आहे. हॉस्टेलवर एका पावसाळी रात्री मी दहा-बारा जणांना 'कौन' दाखवला होता. एक घर, बाहेर पाऊस, तीन माणसं, गाणं एकही नाही. सिनेमा संपल्यावर बाथरूमला जाताना सगळे जोडीनं गेले. तेव्हापासून मी 'भुताचा डॉक्टर'.

डॉक्टर म्हटल्यावर चौकशी आलीच. एकटा आहेस का? हिंदी चालेल का? दचकायचंय की हळूहळू घाबरायचंय? इअरफोन आहेत का? हा शेवटचा प्रश्न लोकांना फालतू वाटतो, पण तो सगळ्यात महत्त्वाचा. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो, त्यातून खर्जातला आवाज येतच नाही. भीतीच्या सिनेमाचं निम्मं काम त्या खर्जात चाललेलं असतं, बंद दाराच्या दृश्यात मागे कुठेतरी घुमत असलेल्या आवाजात. इअरफोनशिवाय तुम्ही फक्त बंद दार बघता.

उत्तरं मिळाली की मी नाव सुचवतो. कुणाला राम गोपाल वर्माचा 'रात' (१९९२), जो मला आजही त्याच्या नंतरच्या 'भूत'पेक्षा उजवा वाटतो. कुणाला '१३ बी', कारण त्यात भूत टीव्ही सिरियलमधून येतं आणि आपल्या सगळ्यांच्याच घरात आईची एखादी सिरियल चालू असते. कुणाला १९८० सालचा विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा 'गहराई'. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' फक्त ग्रुपमध्ये बघायचा असेल तर. वाचणारा कुणी असेल तर नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी. धारपांच्या कथेत भूत बंगल्यात राहत असलं तरी तो बंगला विकत घेणारा माणूस आपल्या सोसायटीतला वाटतो, आणि मला वाटतं त्यांची निम्मी ताकद तिथे आहे.

इतकी वर्षं मी समजत होतो की हे काम निरुपद्रवी आहे. कुणी घाबरायला मागतं, मी घाबरवणारी वस्तू देतो. मिसळ कुठली चांगली हे सांगण्यासारखंच. दोन प्रसंगांनी माझा हा समज मोडला, म्हणून हे लिहितोय.

पण आधी तात्या विंचू.

माझ्या पिढीतल्या मराठी मुलांना सगळ्यात आधी कुणी घाबरवलं, याची मतमोजणी घेतली तर माझ्या मते एकच उमेदवार डिपॉझिट वाचवेल. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. मी जन्मलो त्यानंतर चार वर्षांनी, त्यामुळे मी तो टीव्हीवर पाहिला, दर सुट्टीत, बहुधा दुपारी जेवण झाल्यावर. पोस्टरवर लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे घरच्यांच्या लेखी विनोदी सिनेमा. दिलीप प्रभावळकरांचा गुंड मरताना मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यात शिरतो, ही गोष्ट आई-पप्पांना गमतीची वाटायची. बाहुला रामदास पाध्यांचा. तो बोलायला लागला की मोठी माणसं हसायची, आणि मी ताईच्या बाहुलीकडे बघायचो. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिची ती निळ्या डोळ्यांची, आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली शोकेसमध्ये होती. एका दुपारी मी ती उचलून माळ्यावर, गाद्यांच्या मागे टाकली. ताईनं दोन दिवस शोधली. मी सांगितलं नाही. ती बाहुली आजही तिथे असेल, मी बघायला गेलेलो नाही.

नोएल कॅरल नावाच्या तत्त्वज्ञानं १९९० मध्ये भयपटांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की भयकथेतला राक्षस नुसता धोकादायक असून भागत नाही, तो आपल्या डोक्यातल्या कप्प्यांत न बसणारा असावा लागतो. जिवंत की मेलेला, माणूस की प्राणी, हे ठरत नाही, म्हणून त्याची भीती वाटते, किळस येते आणि तरी नजर हलत नाही. वाघ धोकादायक आहे पण तो वाघच असतो. तात्या विंचू बाहुलाही नाही आणि माणूसही नाही. कॅरलनं तात्याला पाहिलेलं नसणार, पण तो त्याच्या व्याख्येत फिट्ट बसतो.

मात्र एक गोष्ट त्याच्या व्याख्येत बसत नाही. एकाच खोलीत, एकाच टीव्हीवर, एकाच बाहुल्याला बघून तीन माणसं हसत होती आणि चौथा घामाघूम होत होता. भीती बाहुल्यात असती तर चौघांनाही सारखीच लागली असती. आपण म्हणतो 'तो सिनेमा लई डेंजर आहे', जणू डेंजरपणा म्हणजे फाइलचा साइज, कुणीही उघडली तरी तेवढाच.

आता पहिला प्रसंग. माझ्या टीममध्ये एक टेस्टर आहे, माझ्याच वयाची. तिनं एकदा मराठी भीतीदायक सिनेमा विचारला. मी क्षणाचाही विचार न करता 'लपाछपी' सांगितला. विशाल फुरियाचा, २०१७ चा. पूजा सावंत त्यात आठ महिन्यांची गरोदर बाई आहे, नवऱ्याबरोबर उसाच्या फडातल्या एका घरात लपायला येते. सांभाळायला उषा नाईक. पुढे यावरून हिंदीत 'छोरी' निघाला. मी तिला सांगितलं, 'ऊस बघ. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात घाबरवलंय. हे आपल्याकडे फार कमी जणांना जमलंय.' हे खरंच आहे. अंधार असला की भीती दाखवणं सोपं असतं. उसाच्या सरींत दहा फुटांपलीकडचं दिसत नाही आणि वर आभाळ निळंभोर असतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला तो सिनेमा वेगळाच लागतो.

(ज्यांनी तो पाहिला नाही आणि पाहायचाय, त्यांनी पुढचे तीन परिच्छेद गाळले तरी चालतील.)

ती तो रविवारी दुपारी रूमवर एकटी असताना पाहत बसली. सोमवारी चहाला आली तेव्हा गप्प होती. मग म्हणाली, 'तू मला उसाबद्दल सांगितलंस. बाकीचं नाही सांगितलंस.' बाकीचं म्हणजे त्या सिनेमाचं पोट : जन्मू न दिलेल्या, जगू न दिलेल्या मुली. मी म्हटलं, ते सांगितलं असतं तर सिनेमाच सांगितल्यासारखं झालं असतं. ती म्हणाली, 'बरोबर आहे तुझं. सिनेमा चांगलाच आहे.' मग बराच वेळ कप फिरवत बसली. तिला एक मोठी बहीण आहे आणि एक लहान भाऊ. ती आणि भाऊ यांच्यात नऊ वर्षांचं अंतर. घरात त्या नऊ वर्षांबद्दल कुणी कधी बोललेलं नव्हतं, तिनंही कधी विचारलं नव्हतं, आणि आपण विचारलेलं नाही हेही तिला माहीत नव्हतं. सिनेमा संपल्यावर तिनं आईला फोन लावला आणि विचारलं. आईनं फोन ठेवला. पुढचे तीन महिने दोघींचं बोलणं 'जेवलीस का, जेवले' एवढ्यावर आलं.

माझ्याबद्दल तिची तक्रार नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. तक्रार असती तर बरं झालं असतं, मी वाद तरी घातला असता. मी मनातल्या मनात घातला, पुष्कळ दिवस. माझा बचाव असा होता : मी फक्त नाव दिलं. सिनेमा मी काढलेला नाही, तिच्या घरात जे घडलं असेल-नसेल ते मी केलेलं नाही, फोनही तिनं लावला. कायद्यानं मी सुटतो. पण मला एक माहीत होतं. मी तो सिनेमा सुचवताना तिचा विचारच केला नव्हता. मी माझा विचार केला होता : माझी निवड कशी हटके आहे, लख्ख उन्हातली भीती मला कशी कळते. ती घाबरली की श्रेय मला मिळणार होतं. माझ्या चौकशीच्या सगळ्या प्रश्नांत इअरफोन होते, ती नव्हती.

मग सूचना द्यायची का? ओटीटीवर सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात येतं तसं : हिंसा, शिवीगाळ, भीतीदायक दृश्यं. ती पाटी तुम्ही कधी वाचून सिनेमा बंद केलाय? त्या पाटीत सिनेमात काय आहे ते असतं. माझ्या सहकारिणीला जे लागलं ते 'नऊ वर्षांचं अंतर' होतं आणि ते कुठल्याच पाटीत मावत नाही. शिवाय घाबरायला मागणारा माणूस एक विचित्र संमती देत असतो : मला काय होणार ते मला सांगू नकोस, पण ते कर. दवाखान्यात सही करताना आपण धोके वाचून सही करतो, किमान वाचल्यासारखं करतो. इथे न वाचता सही करणं हाच सौदा आहे. सगळं सांगितलं तर सौदा मोडतो आणि काहीच सांगितलं नाही तर आपण कुणाच्या कुठल्या दारावर थाप मारतोय हे आपल्यालाच कळत नाही.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे साहजिकच मला वाटलं की हे काम मशीन बरं करेल. 'तुम्ही हे पाहिलं म्हणून' या रांगेमागे काय चालतं ते ढोबळमानानं सोपं आहे : तुमच्यासारखं बघणाऱ्या हजारो लोकांनी पुढे काय पाहिलं ते मोजायचं आणि तुमच्यापुढे ठेवायचं. बरोबर ठेवलं की नाही हे कसं ठरतं? एक मोठी खूण म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत पाहिलंत का. माझ्या सहकारिणीनं 'लपाछपी' शेवटपर्यंत पाहिला. मशीनच्या लेखी शिफारस यशस्वी. तिला आता तसलेच आणखी सिनेमे दिसत असतील.

या सगळ्यावर जुन्या लोकांनी विचार केलाय आणि तो माझ्याहून कितीतरी बारीक आहे. नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत, त्यांतला एक भयानक. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये अभिनवगुप्तानं त्यावर टीका लिहिली आणि भयानकासाठी त्यानं उदाहरण घेतलं ते राक्षसाचं नाही, स्मशानाचं नाही, तर 'शाकुंतला'च्या सुरुवातीला दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरणाचं. मला हे वाचून फार आनंद झाला होता. पळणारं हरीण! अभिनवगुप्त म्हणतो, ते हरीण बघताना प्रेक्षकाला जे जाणवतं ते 'मी घाबरलोय' असंही नसतं आणि 'तो बिचारा घाबरलाय' असंही नसतं. तिथे भीती असते, पण ती कुणाच्याच मालकीची नसते. म्हणून तिची चव घेता येते. आणि या चवीत अडथळे आणणारी सात विघ्नं तो मोजतो. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणं. घरी भांडून आलेला माणूस नाटक बघू शकत नाही, असं काहीसं.

या हिशेबानं माझ्या सहकारिणीला रस मिळाला नाही, विघ्न आलं. भीतीला मालक सापडला. मला हे बराच काळ पटलं होतं, कारण त्यात माझी सुटका होती : सिनेमा बरोबर, शिफारस बरोबर, प्रेक्षकाच्या बाजूनं तांत्रिक अडचण. दुसरा प्रसंग घडला आणि मला अभिनवगुप्ताशी भांडावंसं वाटू लागलं.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाहेरच्यांना हे गमतीदार वाटतं, आमच्या घरांची मात्र सगळी रचना त्यावर उभी आहे. पप्पांना गुरुवारी सुट्टी, मला आणि ताईला रविवारी. त्यामुळे माझ्या लहानपणात पप्पा आणि मी दोघंही दिवसभर घरी आहोत असा दिवस दिवाळीतच यायचा. आम्ही दोघांनी मिळून थिएटरात सिनेमा पाहिलेला मला आठवत नाही. २०२४ च्या १३ सप्टेंबरला 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला. २०१८ मध्ये आला तेव्हा फार चालला नव्हता. या वेळी मात्र पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. विसर्जनानंतरच्या गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि पप्पांना म्हटलं, चला. ते म्हणाले, 'भुताचा हाय का? मला हसू येतं.' तरी आले, चिंचवडला, दुपारच्या शोला.

पप्पा १९९० च्या सुमारास उस्मानाबादकडून भोसरीत आले आणि एका छोट्या प्रेसशॉपमध्ये लागले. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : खाली डाय असते, वरून पंच येतो, मधे पत्र्याचा तुकडा. ऑपरेटर तुकडा ठेवतो, हात काढतो, पेडल दाबतो, धाड, पीस तयार. पीस काढतो, पुढचा तुकडा. दिवसाला हजारो वेळा. सुरक्षेसाठी काही प्रेसवर दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदमच दाबली तर पंच खाली येणार, म्हणजे दोन्ही हात बाहेर आहेत याची खात्री. पण एका हातानं बटण आणि दुसऱ्यानं तुकडा असं केलं तर काम झपाट्यानं होतं. म्हणून एका बटणात लाकडी पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचं. आजकालच्या कंट्रोलरला ही चलाखी कळते, तेव्हाच्या मशीनला कळायची नाही. पाचर कोण ठोकायचं? पप्पा म्हणतात, 'आम्हीच. पीस-रेट होता.' २००६ साली, मी तिसरीत असताना, त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधल्या बोटाची दोन पेरं गेली. ताईचं दहावीचं वर्ष होतं. पप्पांना नंतर दुसरीकडे स्टोअरमध्ये काम मिळालं. त्यांनी मला प्रेसशॉपच्या दारातसुद्धा कधी नेलं नाही. डबा द्यायला गेलो तर गेटवर वॉचमनकडे ठेवायचा, आत यायचं नाही, हा नियम.

'तुंबाड'ची गोष्ट थोडक्यात : राही अनिल बर्वेचा हा सिनेमा, मुळाशी नारायण धारपांची एक कथा. कोकणातल्या वाड्याखाली देवीचा गर्भ आहे, त्यात हस्तर नावाचा तिचा शापित मुलगा. त्याच्याकडे सोनं आहे पण तो जन्मोजन्मीचा भुकेला, धान्यासाठी तडफडणारा. पुण्यात राहणारा विनायक दोरानं खाली उतरतो, पिठाचं रिंगण काढून त्यात उभा राहतो, कणकेची बाहुली फेकतो, हस्तर त्यावर तुटून पडतो, तेवढ्यात विनायक त्याच्या लंगोटातली नाणी ओरबाडून दोर धरून वर.

पप्पा सुरुवातीचा अर्धा तास पॉपकॉर्न खात होते. त्या शापित आजीच्या वेळी त्यांना, बोलल्याप्रमाणे, हसू आलं. (ती आजी आणि पुढे विनायकाचा मुलगा पांडुरंग, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलानं केल्यात. हे मला नंतर कळलं.) मग विनायक पहिल्यांदा पूर्ण डाव खेळला. बाहुली, झडप, हात आत, हात बाहेर. माझ्या शेजारी खुर्ची हलली. पप्पांनी उजवा हात पोटाशी ओढून घेतला होता. पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले, 'आरं, हा तर पीस-रेटवर काम करतोय.'

मी 'तुंबाड' तोवर चार वेळा पाहिला होता. लोभाचं रूपक, वसाहतकाळ, पावसाचं छायाचित्रण, सगळ्यावर मी बोलू शकतो, बोललोही आहे. हे मला एकदाही दिसलं नव्हतं. तुकडा ठेवला, हात काढला, पंच आला. बाहुली फेकली, हात घातला, नाणी काढली. सायकल टाइम. पुढे पांडुरंग बापाला युक्ती सुचवतो की एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या नेऊ आणि सगळंच सोनं एकदम काढू, तेव्हा पप्पा पुटपुटले, 'गेला.' सुपरवायझर एका स्ट्रोकमध्ये जास्त पीस काढायची युक्ती घेऊन येतो तेव्हा जुने ऑपरेटर असेच पुटपुटत असणार. पण ते खरे घाबरले ते याही वेळी नाही. बाप मुलाला पहिल्यांदा दोरानं खाली उतरवतो, तेव्हा. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बाजूला बघितलं, कारण बापाला घाबरलेलं बघायची मला सवय नाही.

परत येताना बसमध्ये मी विचारलं, प्रेसवर काम करताना भीती वाटायची का? म्हणाले, 'पहिले पंधरा दिवस वाटती. मग हाताला सवय होती. भीती वाटली तर काउंट येत नाही.'

केंडल वॉल्टन नावाच्या तत्त्वज्ञाचा १९७८ चा एक प्रसिद्ध निबंध आहे. त्यात चार्ल्स नावाचा माणूस सिनेमा बघतोय, पडद्यावरून हिरवा लिबलिबीत राक्षस त्याच्याच दिशेनं येतोय. चार्ल्सची छाती धडधडते, मुठी आवळल्या जातात, पण तो उठून पळत नाही, पोलिसांना फोन करत नाही. मग तो खरोखर घाबरलाय का? वॉल्टन म्हणतो, नाही. हा एका खेळाचा भाग आहे, भातुकलीसारखा. या प्रश्नावर पन्नासेक वर्षं वाद चालू आहे. मला त्या रात्री वाटलं, या वादात चार्ल्ससमोर माझे पप्पा उभे करायला हवेत. चार्ल्सला माहीत आहे की धोका नाही, तरी त्याची छाती धडधडते. पप्पांना माहीत होतं की धोका आहे, शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं जाताना पाहिली होती, आणि तरी छाती धडधडत नव्हती. खोट्या राक्षसापुढची भीती हे कोडं असेल, तर खऱ्या पंचाखालची बेफिकिरी हे त्याहून मोठं कोडं आहे. त्यावर कुणी एवढी पुस्तकं लिहिलेली मला दिसली नाहीत.

अठरा वर्षांनी, एसी थिएटरात, त्या हाताला भीती वाटली. उशिरा वाटली, निरुपयोगी वेळी वाटली, पण तिला मालक मिळाला. अभिनवगुप्ताच्या हिशेबानं हेही विघ्नच. मला मात्र ते विघ्न टाळावंसं वाटत नाही. मालक नसलेल्या भीतीची चव मी हॉस्टेलपासून घेत आलोय आणि ती मस्त असते, शुक्रवारची रात्र छान जाते. पण माझ्या ओळखीच्या ज्या दोन माणसांना सिनेमानं खरोखर काही केलं, त्यांच्या बाबतीत ती चव बिघडली होती. यावर कुणी म्हणेल, मग सहकारिणीचं झालं ते चांगलंच झालं. तसं मला म्हणता येत नाही. पप्पांच्या शेजारी मी बसलो होतो, बसमध्ये सोबत होतो. ती रूमवर एकटी होती, आणि फोन लावायला तिच्याकडे आईखेरीज कुणी नव्हतं. मी नाव देऊन मोकळा झालो होतो.

आता माझ्या कामाचं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं इतरांविषयी राहील. मी जिथे नोकरी करतो तिथे आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. प्रेसवर सेन्सर बसतो, तो स्ट्रोक मोजतो, आकडा ऑपरेटरच्या डोक्यावरच्या स्क्रीनवर दिसतो. टार्गेटच्या पुढे असलात तर हिरवा, नव्वद टक्क्यांच्या खाली गेलात तर लाल. तो रंग बदलण्याचा कोड माझा आहे. चार ओळी. लिहिताना मला त्यात काही वाटलं नव्हतं. लाल-हिरवं सगळ्यांना कळतं, भाषेची अडचण नाही, ऑपरेटर बिहारचा असो की बीडचा. २०२३ मध्ये चाकणच्या एका प्लांटला इन्स्टॉलेशनसाठी गेलो होतो. एक विशीतला पोरगा प्रेसवर होता. स्क्रीन लाल झाली. त्यानं वर बघितलं, खाली न बघताच तुकडा सरकवला, पुन्हा वर बघितलं. मी फोटो काढला, क्लायंटला दाखवायला की बघा, ऑपरेटर डॅशबोर्ड वापरतायत. तो फोटो आमच्या प्रेझेंटेशनमध्ये अजून आहे.

त्या प्रेसला सेफ्टी सेन्सर होता, हे खरं. मोठ्या प्लांटमध्ये असतोच. त्यांना माल पुरवणाऱ्या गल्लीबोळातल्या शेडमध्ये काय असतं हे बघायचं असेल तर 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढतेय, वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत कामगारांच्या होणाऱ्या दुखापतींचे. त्यात पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येतो. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण हवं, हे १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्येच लिहिलेलं होतं. मी ते अहवाल वाचले तेव्हा मला काही झालं नाही. आकडे वाचताना आपल्याला काही होत नाही, आणि तो दोष आकड्यांचा आहे असंही मला वाटत नाही. 'तुंबाड'नंतर दोन दिवसांनी ऑफिसात तो फोटो दिसला आणि मी लॅपटॉप मिटला. एवढी वर्षं मी लोकांना विचारत होतो, दचकायचंय की हळूहळू घाबरायचंय? हिचकॉक त्रुफोला सांगायचा तो टेबलाखालचा बॉम्ब : पात्रांना माहीत नाही, प्रेक्षकाला माहीत आहे, म्हणून पंधरा मिनिटं जीव टांगणीला. माझ्या फोटोत बॉम्ब कुठे आहे ते मला ठाऊक होतं, आणि घड्याळ मी लावलं होतं. तरी मी फोटोची फ्रेम नीट आली का ते बघत होतो.

मी आमच्या बोर्डवर एक तिकीट टाकलं. म्हणणं साधं होतं : सेफ्टी सर्किट बायपास झालं तर तेही स्क्रीनवर दिसू दे, काउंटपेक्षा मोठ्या अक्षरात. आणि काउंट कमी झाला म्हणून लाल करू नये, राखाडी करावा. मॅनेजर चांगला माणूस आहे. म्हणाला, क्लायंटनं मागितलं तर करू, लाल रंगाचं तर त्यांनीच मागितलंय. तिकीट अजून बॅकलॉगमध्ये आहे, प्रायॉरिटी लो. दर दोन आठवड्यांनी मी ते वर ओढतो, कुणीतरी खाली ढकलतं.

सहकारिणीनं मध्यंतरी पुन्हा सिनेमा विचारला. मी म्हटलं, कुठल्या दिवशी बघणार आहेस, आणि त्या रात्री मी जागा असेन. ती हसली. म्हणाली, 'आईनं परवा स्वतःहून फोन केला. पाच मिनिटं काहीच बोलली नाही. ठेवलाही नाही.'

परवाच्या गुरुवारी मी घरून काम करत होतो. जेवणं झाल्यावर पप्पा म्हणाले, 'त्या हस्तरासारखा अजून एखादा हाय का? मराठी असला तर लाव.' मी टीव्हीला फोन जोडला आणि 'लपाछपी' शोधला. स्वयंपाकघरातून आई आली, ओले हात पदराला पुसत सोफ्यावर बसली, आणि म्हणाली, 'थांब, मीपण बघते. ताईला पण फोन लाव, तिला आवडतात असले.' माझं बोट प्लेवर होतं. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, हे मी वर लिहिलंच आहे.

मी मागे गेलो आणि 'झपाटलेला' लावला.